टाके नव्हे, सेंटिमीटर मोजा

नमस्कार. जानेवारीत सकाळी सातला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून मुरारला स्कूटरवरून जाणाऱ्याला विचारा, थंडी कुठून शिरते. स्वेटर असतो, हातमोजे असतात; वारा घुसतो तो गळ्याशी. मफलर गुंडाळला तरी त्याचं टोक सुटून फडफडतं, आणि चाकात जाईल की काय ही धाकधूक वेगळीच. म्हणून आज काउल: गळ्याभोवती बसणारा लोकरी पट्टा, लोंबती टोकं नसलेला. आपण बटणांचा विणू. गाडीवर तो घट्ट करता येतो, आणि डिसेंबरात तानसेन समारोहाला रात्री गार वाऱ्यात बसलात तर सैल करून कानांवर ओढताही येतो.

सगळ्या जणी पहिला प्रश्न विचारतात, "किती टाके घालू?" मी उलट विचारते, लोकर कुठली? कारण टाक्यांचा आकडा लोकरीवर ठरतो, काउलवर नाही. प्लाय म्हणजे लोकरीच्या जाडीचं माप. सर्वसाधारणपणे १० सेंटिमीटरमध्ये बारीक ४ प्लायचे २८ टाके बसतात, डीकेचे, म्हणजे साधारण ८ प्लायचे, २२, आणि जाड चंकी लोकरीचे १४. पट्टा २० सेंटिमीटर रुंद हवा, तर टाके झाले ५६, ४४ आणि २८. सुया अनुक्रमे १० नंबर, ८ नंबर आणि ४ नंबर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे विसरू नका. परदेशी नमुना असेल तर मिलिमीटरच बघा. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर.

पण हे आकडे पुस्तकातले. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. तेव्हा आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके ओढले गेलेले असतात, ते धरू नका. धुण्याचा कंटाळा करू नका. अॅक्रिलिक पाण्यातून काढल्यावर कधीकधी सैल पडतं, आणि मग महिनाभर विणलेला काउल गुडघ्याशी येतो! गाडीसाठी असेल तर सुई एक नंबर बारीक घ्या. विणकाम दाट झालं की वारा कमी शिरतो.

विणायचं सोपं: प्रत्येक सुई, म्हणजे प्रत्येक ओळ, सुलटच. कडा वळत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पट्टा आडवा विणायचा, म्हणजे लांबीसाठी हिशोब लागत नाही. टेप लावायची आणि ६८ सेंटिमीटर झाले की थांबायचं. सुरुवातीला २ सेंटिमीटर विणल्यावर काजांची पहिली सुई: कडेचे चार-पाच टाके सोडून दोरा पुढे घ्या, पुढचे दोन टाके एकत्र विणा. अशी तीन भोकं, सारख्या अंतरावर. मग दर ५ सेंटिमीटरला तशीच सुई, एकूण पाच. दुसऱ्या टोकापासून २ सेंटिमीटर आत बटणं लावली की घेर मिळतो ६४, ५९, ५४, ४९ आणि ४४. नातवाच्या गळ्याला शेवटची ओळ, तुमच्या गळ्याला मधली. सुया मोजत बसू नका, लोकर बदलली की त्यांची संख्या बदलतेच. ५ सेंटिमीटर बदलत नाहीत.

महाराज बाड्यावरच्या बाजारात हवी ती जाडी मिळाली नाही, तर ४ प्लायचे दोन धागे एकत्र घेऊन विणा. जाडी डीकेच्या जवळ येते, आणि दोन रंग घेतले तर ठिपक्याठिपक्यांचं छान दिसतं. फक्त मोजायचा चौकोन त्याच जोडधाग्याचा विणायचा.

बटणं मात्र शेवटी घ्या, काज हातात धरून. भोकातून बटण थोडं दाबून जायला हवं. लोकर ताणली जाते, त्यामुळे सहज जाणारं बटण दोन दिवसांत आपोआप सुटतं. चंकीला मोठं बटण, ४ प्लायला शर्टाच्या बटणाहून जरा मोठं. शिवताना मागच्या बाजूला एक चपटं छोटं बटण ठेवा, नाहीतर ओढ बसून टाकाच उसवतो. शिवायला जाड लोकर सुईत जात नसेल, तर त्याच रंगाचा साधा दोरा दुहेरी घ्या.