काळी पाच, दादरा आणि तीनशे मेणबत्त्या

[दृश्य : दगडी चर्च, कलती संध्याकाळ. दारावर कागदी चांदणी. आतून हार्मोनियमचा एकच लांबवलेला सूर.]

नाताळच्या आधीचा रविवार. नगर जिल्ह्यातलं एक चर्च. तासाभरात बाक भरतील. आज गायक मंडळ पुढे उभं राहून गाणार आणि बाकीचे ऐकणार, असा बेत नाही. सगळ्या मंडळीनं गायचंय. म्हणून आधी पट्टी ठरते, म्हणजे कुठल्या सुराला ‘सा’ धरायचं ते.

[दृश्य : हार्मोनियमवरची बोटं, अगदी जवळून.]

सगळ्यांच्या ओळखीचं ते संथ ऑस्ट्रियन नाताळगीत, ‘सायलेंट नाइट’ घ्या, 1818 सालचं. त्याची चाल षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, थेट तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘म’पर्यंत चढते. पांढरी एक, म्हणजे पेटीवरच्या सप्तकाची पहिली पांढरी पट्टी ‘सा’ धरली, तर शेवटच्या ओळीत वरची जागा येते आणि मागचे बाक गप्प होतात. पुरुष खालच्या सप्तकात उतरतात, बायका नुसते ओठ हलवतात. काळी पाच, म्हणजे तिच्या डावीकडची काळी पट्टी धरली की तीच जागा एका पूर्ण सुरानं खाली येते, तेवढं पुरतं. मग अजून खाली, काळी चार का नको? शेवटचा षड्ज बायकांच्या गळ्यात इतका खोल जातो की ऐकूच येत नाही.

दुसरी अडचण साथीच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची. जुनी हार्मोनियम बहुतेक वेळा कीबोर्डशी तंतोतंत जुळत नाही. हार्मोनियमच्या रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आयत्या वेळी बदलता येत नाहीत, कीबोर्डचं ट्यूनिंग मात्र बटणावर होतं. तेव्हा जुळवून घ्यायचं ते कीबोर्डनं.

[दृश्य : तबला, हातोडी, गठ्ठ्यावर हलके ठोके.]

चाल सहाच्या लयीची आहे, म्हणून दादरा. धा धीं ना, धा तीं ना. कीबोर्डमधला तयार ठेका इथे कामाचा नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. तीनशे माणसं ओळ संपली की श्वास घेतात. मशीन थांबत नाही, तबलजी थांबतो. फक्त तबला मध्येच एकदा पाहून घ्यावा लागतो. माणसं भरली की हवा दमट होते आणि पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सुरातून उतरते.

वादक पुढे कोपऱ्यात बसवले की दगडी भिंतींवरून आवाज फिरून मागे उशिरा पोचतो आणि मागचे बाक अर्धी मात्रा मागे पडतात. म्हणून इथे तबला-पेटी मधल्या वाटेला, तिसऱ्या बाकाजवळ. माइक दोनच : एक पेटीला, एक गाणं उचलणाऱ्याला. स्पीकर मोठा केला की लोक ऐकत बसतात.

[दृश्य : टेबलावर गीतपत्रिकांची घडी. लहान हात, मोठे हात.]

दोघांत एक कागद, म्हणजे दीडशे प्रती. अक्षर 16 पॉइंटचं, कारण पुढे दिवे मंद होणार आहेत. ओळ तोडायची ती श्वासाच्या जागी. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की कधी ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो. अशी अक्षरं इथे ठळक छापली आहेत. धृपद दर कडव्याखाली पुन्हा पूर्ण छापलंय. ‘धृपद’ एवढंच लिहिलं की माणूस वर शोधायला जातो, तोवर गाणं पुढे गेलेलं असतं.

[दृश्य : ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकाची जीर्ण प्रत. पानं उलटणारा सुरकुतलेला अंगठा.]

बायबलचं वाचन, मग गीत, पुन्हा वाचन, हा साचा इंग्लंडचा. ट्रुरोत 1880 साली नऊ वाचनांची उपासना झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती 1918 पासून चालते. पण सगळ्यांनी मिळून गाणं मराठी मंडळीला कुणी बाहेरून येऊन शिकवावं लागलं नाही. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, आणि त्यांच्याबरोबर परदेशी चाली आल्या. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणावर आणली. ती भजनं आजही या पुस्तकात आहेत. म्हणून इथे वाचनं नवाऐवजी पाच, गीतं अकरा, आणि त्यातली चार टाळ-तबल्यावरची. टाळ सुरू झाला की पाठ नसलेलेही गातात.

[दृश्य : पाळकसाहेब वाचनपीठावर. मागे मुलं पेंगलेली.]

वाचन दोन मिनिटांचं. वाचणाऱ्यानं ‘आता आपण उभे राहू या’ म्हणायचं नाही. पेटीवर शेवटची ओळ वाजली की उभं राहायचं, हे सुरुवातीला एकदाच सांगितलंय. सूचना कमी म्हणून सत्तर मिनिटांत सगळं बसतं. दहाला ध्वनिक्षेपक बंद, त्याला भरपूर अवकाश राहतो.

[दृश्य : दिवे मालवतात. पहिली मेणबत्ती.]

मेणबत्त्या शेवटच्या दोन गीतांनाच. कागदी पेला उलटा, तळाला भोक, त्यातून मेणबत्ती, म्हणजे मेण हातावर येत नाही. पंखे बंद. भिंतीला वाळूच्या चार बादल्या. लहान मुलांच्या हातात सेलवरचे दिवे. आणि पेटवताना पेटलेली मेणबत्ती सरळच ठेवायची, वाकवायची ती न पेटलेली. पेटलेली कललेली दिसली की समजावं, मेण पुढच्या बाकावरच्या पदरावर जाणार.

[दृश्य : ज्योत बाकामागून बाक पुढे सरकते. गीत पूर्ण चालू द्यावं. निवेदन नाही.]

[दृश्य : दिवे लागलेले. अर्पणाची थैली. रिकामे बाक.]

अर्पण गावातल्या गरजू घरांसाठी जातं.

फरशीवरचं मेण खरवडत नाहीत, दगडाला चरे पडतात. वर जुनं वर्तमानपत्र, त्यावर कोमट इस्त्री. कागद मेण पिऊन घेतो.

[दृश्य : इस्त्रीखाली कागदावर पसरत जाणारा तेलकट डाग.]