स्वयंपाक करणारीचंही पान

(इंदूरमधील एका घरगुती मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय ‘एका भांड्यातलं पूर्ण जेवण’ असा छापला आहे. मी त्याचं नाव सरळच घेते: शेफर्ड्स पाय हा इंग्रजी पदार्थ. खाली गाजर-मटार घातलेला दाटसर खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि सगळं ओव्हनमध्ये वरून खरपूस होईतो भाजलेलं. इंदूरच्या मटण खाणाऱ्या मराठी घरांत हा पदार्थ रुजावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं पहिलं कारण चव हे नाही.

आपल्याकडचं रविवारचं मटणाचं जेवण आठवा. पाहुणे पानावर बसलेले, तव्यावरून एकेक गरम पोळी येते आहे, आणि जिनं सकाळपासून वाटण वाटलं, मटण शिजवलं, ती गॅसपाशी उभी. ती बसते तेव्हा रस्सा निवलेला असतो आणि नळीची हाडं संपलेली असतात. ‘तुम्ही व्हा पुढे, मी बसते मागनं’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. शेफर्ड्स पाय ओव्हनमध्ये सरकवला की पुढचा अर्धा तास करणारीला काही काम उरत नाही. तिनं तोंड धुवावं, साडी बदलावी, पाहुण्यांशी बोलावं. भांडं टेबलावर आलं की सगळे एकदम बसतात, तीही बसते. आज मी बटाट्याबद्दल आणि खिम्याबद्दल जे बारकावे सांगणार आहे ते एवढ्यासाठीच, की ऐनवेळी तिला उठावं लागू नये.

इतिहास थोडक्यात सांगते. याच पदार्थाचं जुनं नाव ‘कॉटेज पाय’, ते इंग्लंडमध्ये १७९१ पासून लिखाणात सापडतं. बटाटा तिथल्या गरिबांच्या घरात रोजचा झाला त्या काळातलं ते नाव. ‘शेफर्ड्स पाय’ हे नाव त्यानंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. आता मेंढीचं मटण असेल तर शेफर्ड्स, म्हणजे मेंढपाळाचा, आणि गोमांस असेल तर कॉटेज असा भेद करतात. पूर्वी तो इतका काटेकोर नव्हता. रविवारी मोठा तुकडा भाजायचा आणि उरलेलं मांस सोमवारी बारीक करून बटाट्याखाली झाकायचं, अशी ती काटकसर होती.

फ्रान्समध्ये याचंच भावंड पारमांतिए यांच्या नावानं ओळखलं जातं. हे गृहस्थ सैन्यात औषधं बनवणारे. सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत पडले आणि तिथे बटाट्यावर राहिले. फ्रेंच लोक तेव्हा बटाटा जनावरांचं खाणं मानत, त्यानं कुष्ठरोग होतो असंही समजत. पारमांतिए सुटून आले ते बटाट्याचे कैवारी होऊनच. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं बटाटा खाण्याजोगा असल्याचा निर्वाळा दिला, त्यामागे त्यांचे कष्ट होते. ज्या माणसानं एका कंदासाठी इतकं झगडावं, त्याचं नाव रोजच्या जेवणात राहिलं हे मला फार योग्य वाटतं.

आपल्यासाठी हा पदार्थ परका नाही, कारण महू वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. १८१८ च्या मंदसौर तहानंतर तिथे इंग्रजांची छावणी बसली. पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आली. छावण्यांतल्या मेसमधून आणि रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन घरांमधून असे पदार्थ देशभर रुळले, आणि त्या घरांनी त्यात आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली. तेव्हा ‘आम्ही आलं घातलं तर चालेल का?’ असं विचारू नका. घाला.

आणि आपल्या घरात तरी काय नव्हतं? सीकेपी घरांतलं खिमा पॅटिस घ्या: बाहेर बटाटा, आत खिमा. तेच दोन जिन्नस. भानोलं घ्या, वर-खाली निखारे ठेवून भाजायचं. म्हणजे हात तयार आहेत, फक्त मांडणी बदलायची आहे. पॅटिस मात्र एकेक वळा, एकेक घोळवा, एकेक तळा, आणि तळणारी पुन्हा उभीच.

आता बटाटा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपण बटाट्याच्या मुलखात राहतो. माळव्याचा बटाटा चिप्सच्या कारखान्यांना हवा असतो, का? त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त असतं म्हणून. शब-ए-माळवा म्हणून आपण ज्या थंड रात्रींचं कौतुक करतो, त्याच रात्री बटाट्याला भरतात: दिवसा उन्हात पानांनी तयार केलेलं अन्न थंड रात्री कमी खर्च होतं आणि कंदात साठतं. असा पिठूळ बटाटा कुस्करला की हलका, भुसभुशीत होतो. चोइथराम मंडीत किंवा भाजीवाल्याकडे ज्योती किंवा चिप्सोना मागा. पातळ सालीचा, नखानं साल निघणारा कोवळा बटाटा भाजीला ठेवा. तो कुस्करल्यावर ओलसर राहतो.

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत मिळतो तो बहुतेक शीतगृहातला. फार थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये लवकर काळपट होतो. असा बटाटा आणून दोन आठवडे टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात ठेवला तर बरीचशी साखर पुन्हा कमी होते. हिरवे पडलेले मात्र टाकूनच द्या.

एक किलो बटाटे सोलून मोठे तुकडे करा, गार पाण्यात मीठ घालून चढवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. शिजले की पाणी पूर्ण निथळा आणि त्याच पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटं हलवत वाफ जाऊ द्या. हा टप्पा चुकवू नका, वरचा थर खाली बसतो तो बहुधा याच पाण्यामुळे. मग पुरणयंत्र काढा. होळीला निघतं आणि वर्षभर माळ्यावर पडून असतं, त्याला इथे खरं काम आहे. त्यातून बटाटा काढला की एकही गाठ राहत नाही. मिक्सरला मात्र बटाटा दाखवूसुद्धा नका. पात्यानं पेशी फुटतात, आतलं पिष्ट मोकळं होतं आणि हाताला चिकटणारी खळ तयार होते. ती कशानंही सुधारत नाही. गरम बटाट्यात आधी साठ ग्रॅम लोणी, ते जिरलं की अर्धा-पाऊण कप गरम दूध, मीठ, मिरपूड, किसलेलं जायफळ. लोणी आधी घातलं की पिष्टावर स्निग्धाचा लेप बसतो आणि मिश्रण मऊ राहतं. गार दूध घालू नका.

खिमा पाऊण किलो. मटणवाल्याला खांद्याचं किंवा मांडीचं मांस दाखवून समोर करायला सांगा, जाड जाळीतून एकदाच, आणि थोडी चरबी त्यातच राहू द्यायला सांगा. बोकडाचं मांस मुळातच कमी चरबीचं, चरबी सगळी काढली की खिमा वाळूसारखा होतो. धुवायचं ते आख्खं मांस धुवा, खिमा झाल्यावर धुतलात तर चव पाण्याबरोबर मोरीत जाते आणि उरलेलं पाणी कढईत त्रास देतं.

त्रास असा: मांसाला तो खमंग तपकिरी रंग आणि वास यायला साधारण १४० अंशांच्या वर उष्णता लागते, आणि कढईत पाणी आहे तोवर खिमा १०० च्या पुढे जात नाही. तो उकडतो, करडा पडतो. म्हणून पसरट कढई, मोठी आच, आणि खिमा दोन खेपांत. पसरा आणि तीन-चार मिनिटं हातच लावू नका. आपल्याला सतत परतायची सवय आहे, ती इथे आवरावी लागते. खालून रंग आला की उलटा. मग काढून ठेवा, त्याच कढईत दोन कांदे बारीक चिरून, दोन गाजरं, आलं-लसूण, एक तमालपत्र. कांदा गुलाबी झाला की दीड चमचा मैदा परता, दोन टोमॅटोंचा रस आटवा, खिमा परत घाला आणि दोन कप हाडांचा स्टॉक.

मूळ पाककृतीत वुस्टरशायर सॉस असतो. वुस्टर गावात १८३७ च्या सुमारास तो विकायला आला. त्यात व्हिनेगर, खारवलेले मासे आणि चक्क चिंच असते. बाटली घरात नसेल तर चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, थोडं व्हिनेगर घाला. थाइम नावाच्या पाल्याऐवजी चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे, म्हणून ही अदलाबदल मला पूर्ण पटते. ओवा मात्र चिमटीतच. गरम मसाल्याचा डबा बंद ठेवावा असं माझं ठाम मत आहे. तो घातला की खिमा मसाला होतो आणि बटाट्याची चव मागे पडते.

झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास. कुकर वापरला तर नंतर उघडा ठेवून आटवा. उलथनं तळातून ओढलं की क्षणभर वाट दिसावी आणि रस तिच्यावर पुन्हा यावा, इतका दाटपणा हवा. ओव्हनमध्ये बटाटा थोडा रस पितो, म्हणून पार सुका करू नका. शेवटी वाटीभर मटार. इथले थंडीतले मटार इतके गोड असतात की त्यांना शिजवायचंच नाही, गरम खिम्यात मिसळले तरी पुरे.

खिमा ओव्हनच्या भांड्यात पसरा आणि कोमट होऊ द्या. गरम खिम्यावर बटाटा टाकला तर तो बुडतो. बटाटा आधी कडेनं लावा, काठ नीट बंद करा, मग मध्ये भरा, नाहीतर रस कडेनं उसळून बाहेर येतो. काट्यानं वर रेघा ओढा. त्यांचे उंचवटे आधी भाजतात आणि कुरकुरीत होतात. २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं, शेवटची पाच वरच्या कॉइलवर. काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मग वाढताना थर राहतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तळाला मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण. पदार्थ गरम होतो, पण वरचा रंग येत नाही, तेव्हा भानोल्याचे निखारे आठवा, झाकणावर ठेवता येत असतील तर उत्तम.

हे सगळं आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, दोन्ही थर गार झाल्यावर. दुसऱ्या दिवशी १८० वर पाऊण तास, मधोमध वाफ निघेपर्यंत. काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. सोबत कोबी-काकडीची कोशिंबीर पुष्कळ झाली. पोळ्या करू नका. हे मी आग्रहानं सांगते, कारण ‘चार तरी पोळ्या हव्यातच’ म्हणून कणीक मळली गेली की ती पुन्हा तव्यापाशी.

समोरून प्रश्न आलाय की घरात निम्मी माणसं शाकाहारी आहेत, त्यांचं काय. त्यांच्यासाठी अख्खा मसूर भिजवून, बोटानं दाबला जाईल इतपत शिजवून घ्या, मशरूम बारीक चिरून पाणी सुटून आटेपर्यंत परता, बाकी कांदा-गाजर-चिंच-ओवा तसंच. वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं. दोन्ही भांडी एकाच वेळी ओव्हनमध्ये मावत नसतील तर मसुराचं आधी भाजा, ते झाकून ठेवलं तर अर्धा तास गरम राहतं.