पूल की फरशी? पावसाळ्याआधी नकाशा उघडताना

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय. पहिली सर पडली की पुण्याहून गाड्यांची रांग ताम्हिणीकडे निघते, म्हणून फोनवरचा आणि कागदावरचा नकाशा कसा वाचायचा, हा आजचा विषय मी आग्रहाने मागून घेतला.

जानेवारी २०२१ मधली घटना पुष्कळांना आठवत असेल. पुण्याहून तिघे जण कळसूबाईला निघाले होते. रात्रीची वेळ, मोबाइलवर रस्ता लावलेला. अकोले तालुक्यात कोतूळजवळ फोनने ज्या पुलावरून जायला सांगितलं, तो पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. हा पूल पाण्याखाली जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या तिघांना नव्हतं, आणि त्यांच्या फोनलाही नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडे रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. त्या पुलाचा काही भाग आधीच पुरात वाहून गेला होता.

अशा बातम्या वाचल्या की आपण म्हणतो, जीपीएसने घात केला. पण जीपीएसचा उपग्रह नेमकं काय करतो ते बघा. तो जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतो. त्याच्यात अणुघड्याळ असतं. आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे, एवढंच तो सतत सांगत राहतो. आपला फोन किमान चार उपग्रहांचं ऐकतो आणि हिशोब करून स्वतःची जागा काढतो. तीन उपग्रह जागेसाठी लागतात, आणि चौथा लागतो तो फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं म्हणून. आपल्या इस्रोची नाविक ही उपग्रहांवरून जागा सांगणारी भारतीय यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. उपग्रहाचं काम इथे संपलं. पुढे पूल आहे, दरड आहे की पाणी, याची त्याला गंधवार्ता नसते.

त्या जागेखाली जो नकाशा दिसतो तो वेगळा, माणसांनी आणि संगणकांनी मिळून केलेला. आणि त्या नकाशावरून ‘इकडून जा’ असं जे सांगितलं जातं, तो अंदाज असतो. दिवसा कर्वे रस्त्यावर हा अंदाज उत्तम ठरतो, कारण हजारो फोन तिथे पुढे-मागे सरकत असतात आणि कोंडी कुठे आहे ते त्यांच्यावरून कळतं. रात्री आडवाटेला दुसरी गाडीच नसते. तिथे संगणकाला खबर देणारं कोणीच नाही, तरी तो तेवढ्याच ठाम आवाजात बोलतो. मला खरी भीती या आवाजाची वाटते.

आता हा कागद बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारं नकाशाचं पत्रक, क्रमांक ४७ एफ/१५. साडेअठरा अंशांचं अक्षवृत्त आपल्या स्वारगेट-पर्वतीच्या भागातून जातं, त्यामुळे पुणे शहर दोन पत्रकांत विभागलंय. शनिवारवाडा एफ/१४ वर, कात्रज आणि सिंहगड या एफ/१५ वर. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. या तपकिरी रेषा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. सिंहगडाभोवती त्या इतक्या दाटल्यात की बोट ठेवायला जागा नाही. एवढं पाहिलं की तिथे वळणं असणार, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला येणार, हे घरबसल्या कळतं.

आणि खाली ही खुणांची सूची वाचा. मला आज जे सांगायचंय ते हिच्यात आहे. खांबांचा पूल, बिनखांबांचा पूल, फरशी (म्हणजे पात्राला टेकलेला, पाणी वाढलं की बुडणारा रस्ता), नदीचा उतार (म्हणजे पूल नसताना पाण्यातून ओलांडायची उथळ जागा), प्रत्येकाची खूण निराळी. सर्वेक्षकाने ओलांडण्याच्या जागी थांबून, इथून पाण्यात जाता येईल की नाही, हे त्या खुणेत लिहून ठेवलंय. मोबाइलवर या सगळ्याची एकच रेघ होते. आपल्या दारातलं उदाहरण घ्या. लकडी पूल उंच, आणि तिथून जवळच भिडे पूल नदीपात्राला टेकलेला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो. पुणेकर विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे, आकडे ऐकूनच गाडी दुसरीकडे घालतो. बाहेरगावच्या माणसाला फोनवर दोन्ही पूल सारखेच दिसतात.

कागद सर्वज्ञ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्याकडची ही प्रत जुनी आहे, तिच्यावर बाह्यवळण रस्ताच नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना सुरू झाली. तिथे छापील नकाशा घेऊन गेलात तर गोंधळ उडेल. शहरात फोन वापराच. फक्त एक ध्यानात ठेवा, मोकळ्या आकाशाखालीही फोनची जागा चार-पाच मीटर इकडे-तिकडे होते. वारज्याजवळ महामार्ग आणि सेवा रस्ता शेजारी-शेजारी आहेत, आपण कुठल्यावर आहोत हे फोनला नेहमीच समजतं असं नाही. त्याने सांगितलेलं वळण हुकलं तर हुकू द्या. पुढून फिरून या, पण ऐन वेळी गाडी आडवी घालू नका.

घाटात जाणार असाल तर आदल्या रात्री अख्खा रस्ता एकदा मोठ्या नकाशावर बघा. फोनचाच चालेल, पण ‘सुरू करा’ दाबण्याआधी. मग गावांची नावं चिठ्ठीवर लिहा: भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. ही चिठ्ठी शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. घाटात रेंज गेली तरी ती जात नाही. आणि यादीत नसलेल्या गावात फोन वळायला सांगू लागला, तर गाडी बाजूला घेऊन आधी विचारा. वरंधा घाटातून महाडला उतरायचं असेल तर भोरलाच चौकशी करा. पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट प्रशासन बंद करतं. एसटी स्टँडवर, पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, कोणालाही विचारा. ‘रस्ता कुठला’ एवढ्यावर थांबू नका. ‘पुढे पूल आहे का फरशी, आणि आज पाणी किती आहे’ असं विचारा.

दोन्ही पत्रकं इथे टेबलावर पसरून ठेवतो. आपापल्या गावाकडचा ओढा शोधा आणि त्यावर कुठली खूण आहे ते बघा. प्रश्न असतील तर आपण तिथेच उभं राहून बोलू.