भिंत, भुयार आणि बादशहा

रसिकहो, 'मुघल-ए-आझम'चा विषय निघाला की बोलणं आधी खर्चावर जातं. मराठा मंदिरला ५ ऑगस्ट १९६० रोजी तो लागला तेव्हा तिकिटांसाठी लोकांनी रस्त्यावर मुक्काम ठोकला होता, शीशमहालाच्या काचा बेल्जियमहून आल्या होत्या, बडे गुलाम अली खाँसाहेबांनी एका गाण्याचे २५ हजार घेतले होते. हे सगळं तुमच्या कानावर आहेच, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते शेवटाबद्दल. दिग्दर्शक के. आसिफनी एका जुन्या दंतकथेचा शेवट बदलला, आणि बदलताना दंतकथेला धक्काही लागू दिला नाही. हे त्यांनी कसं साधलं, ते बघू.

आधी दंतकथा. अकबराच्या महालातली अनारकली नावाची एक कनीज, म्हणजे दासी, शहजादा सलीमशी तिचं प्रेम, बादशहाचा कोप, आणि तिला जिवंत भिंतीत चिणणं. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल, त्याच्या 'अकबरनामा'त ती नाही. खुद्द सलीमनं जहांगीर झाल्यावर आत्मचरित्र लिहिलं. त्यात शिकार आहे, फुलं आहेत, पक्षी आहेत, स्वतःचं दारूचं व्यसनसुद्धा आहे, पण अनारकलीचं नाव नाही. ती भेटते विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या टिपणांत. १६११च्या सुमारास तो लाहोरला होता, आणि तिथल्या एका कबरीबद्दल लोक जे बोलत होते ते त्यानं लिहून ठेवलं. त्याच्या टिपणात ती दासी नाही, अकबराच्या बायकांपैकी एक आहे. म्हणजे मूळ कुजबुज आपल्या सिनेमांपेक्षा कितीतरी अवघड होती.

ती अष्टकोनी इमारत लाहोरात आजही उभी आहे. इंग्रजांच्या काळात तिथे चर्च झालं, मग सरकारी दफ्तरखाना झाला. संगमरवरी शिळेवर फारसी ओळी कोरल्या आहेत. अर्थ असा, की माझ्या प्रियेचं तोंड पुन्हा एकदा दिसलं तर कयामतीपर्यंत देवाचे आभार मानीन. आणि खाली नाव आहे, 'मजनू सलीम अकबर'. कबरीत नेमकं कोण, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण बादशहाच्या पोरानं स्वतःला दगडावर मजनू म्हणवून घ्यावं, ही साधी गोष्ट नाही.

सलीमचं बंड मात्र खरंच झालं. ते गादीसाठी होतं, आणि १६०२ मध्ये त्यानं अबुल फजलचा खून करवला तो त्याच भांडणातून. प्रेमाची कथा आणि बंडाची हकीकत लोकांच्या तोंडी एकमेकींत मिसळत गेली. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये 'अनारकली' हे नाटक लिहिलं, आणि पुढचे बहुतेक चित्रपट त्याच वाटेनं गेले. १९५३चा 'अनारकली' तुमच्यातल्या कित्येकांना गाण्यांमुळे पाठ असेल. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या अण्णांचं. त्यात बीना रॉयच्या भोवती भिंत चढत जाते, लताबाईंचा आवाज येत राहतो, आणि सलीमला पोचायला उशीर होतो. रडून घ्यावं आणि घरी जावं असा तो शेवट आहे.

आसिफनी काय केलं? पहिली गोष्ट, चित्रपटाला नाव प्रेयसीचं दिलं नाही, बादशहाचं दिलं. दुसरी गोष्ट, सुरुवातीलाच एक अंगठी पेरून ठेवली. सलीमच्या जन्माची बातमी घेऊन एक दासी येते, अकबर आनंदाच्या भरात बोटातली अंगठी तिला देतो आणि सांगतो, आयुष्यात एकदा काहीही माग, मिळेल. ही दासी अनारकलीची आई. आपण हे विसरून जातो, कारण पुढे दीड-दोन तास डोळ्यांपुढे मधुबाला असते.

मधला तो पिसाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. रात्रीची बाग, मधुबालाचा चेहरा पडदाभर, सलीम पांढरं पीस तिच्या गालावरून फिरवतोय. कुणी एक अक्षर बोलत नाही. लांबून तानसेन गातोय, राग सोहनी, आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा. त्यावेळी दिलीपकुमार आणि मधुबाला यांचं आपसांत बोलणं बंद होतं असं सांगतात, पण पडद्यावर त्याचा मागमूस नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्या दरबाराला हे प्रेम मोडायचं आहे, त्याच दरबाराचा गवई त्याला सूर देतोय. अकबराच्या घरातल्या सगळ्या सुंदर गोष्टी या दोघांच्या बाजूच्या आहेत. विरोधात एकटा तोच.

आणि तो एकटा का, हे दुर्गाबाई खोट्यांच्या जोधाबाईमुळे कळतं. लढाई मुलाशी, आणि तलवार नवऱ्याच्या हाती द्यायची ती तिनं. हा प्रसंग बघताना मला हटकून प्रभातचा १९३२चा 'अयोध्येचा राजा' आठवतो. तिथे याच दुर्गाबाई तारामती होत्या, आणि कर्तव्यासाठी हरिश्चंद्राला तिच्यावरच तलवार उचलावी लागते. राजाच्या न्यायाची किंमत त्याच्या घरातल्या बाईनं मोजायची, ही कथा आपल्याकडे फार जुनी आहे. आसिफना तिची नेमकी जाण होती असं मला वाटतं.

मग शेवट येतो. लढाईत हरलेल्या सलीमच्या जिवाच्या बदल्यात अनारकली स्वतःला हवाली करते. भिंत बांधली जाते. आणि आई ती अंगठी पुढे करते. आता बादशहा दोन्हीकडून अडकला. शिक्षा मागे घेतली तर कायदा गेला, आणि नाही घेतली तर वचन गेलं. तो भिंतीमागच्या भुयारातून मायलेकींना सोडून देतो, अट एकच, की ती जिवंत आहे हे सलीमला कधीही कळता कामा नये.

यात काय झालं बघा. लोक आजही म्हणतात, अकबरानं अनारकलीला चिणलं. चित्रपट सांगतो, म्हणणारच, कारण खरं काय ते बादशहानं कुणाला सांगितलंच नाही. दंतकथा तशीच राहिली आणि तिच्या पोटात आसिफनी दुसरी कथा ठेवली. जन्मभर पोटच्या पोराच्या नजरेत खुनी ठरणं, ही शिक्षा अकबर स्वतःला देतो. प्रेमाला मनाई करणारा माणूस इतका आतून लिहिलेला मी दुसऱ्या कुठल्या हिंदी चित्रपटात पाहिलेला नाही.

शेवटी एक तक्रार. मूळ चित्रपट कृष्णधवल, रंग फक्त शीशमहालातल्या गाण्यात आणि अखेरच्या काही रिळांत. करड्या दरबारात एक कनीज बादशहाच्या तोंडावर सांगते की प्रेम केलंय, भ्यायचं कशाला, आणि तिथेच रंग येतो. छतातल्या प्रत्येक आरशात ती नाचतेय, अकबरानं मान वर केली तरी तीच. २००४ मध्ये संगणकावर सगळा चित्रपट रंगवला. काम मेहनतीचं आहे, नव्या पिढीला त्यामुळे तो मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला, हेही खरं. पण पहिल्या चौकटीपासून रंग असल्यावर त्या गाण्यात फुटायचं काय राहिलं? जुनी प्रत मिळते आहे, तीच मिळवून बघा, आणि त्या गाण्यात मधुबालावरून नजर काढता आली तर अकबर झालेल्या पृथ्वीराज कपूरांच्या डोळ्यांकडे बघा. तिथे रागाइतकीच भीती आहे.