आधी टाच, मग मूठ

(दृश्य: फरशीवर चिकटवलेली पिवळी पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंना अनवाणी पावलं. चेहरे दिसत नाहीत.)

हा बॉक्सिंगचा वर्ग आहे. ग्लोव्हज अजून पेटीतच आहेत आणि नव्या मुलांना ते इतक्यात मिळणारही नाहीत. आधी उभं राहायला शिकायचं.

डावा पाय पुढे, पट्टीच्या अलीकडे. उजवा मागे, पट्टीच्या पलीकडे. मधे साधारण खांद्याएवढं अंतर. डावखुऱ्यांचं सगळं उलट. दोन्ही पावलं एका रेषेत आली, तर बाजूने दिलेला साधा धक्काही पुरतो. पट्टी आहे ती त्यासाठी. मागची टाच जमिनीपासून बोटभर वर. गुडघे सैल. हनुवटी खाली, मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांना धरून.

सर रांगेतून फिरतायत. प्रत्येकाच्या खांद्याला दोन बोटांनी ढकलून बघतायत.

(दृश्य: तिसरा मुलगा तोल जाऊन मागच्यावर आदळतो. हशा. इथे निवेदन थांबवावे.)

पालक विचारतात, "सर, मारायला कधी शिकवणार?" सरांचं उत्तर ठरलेलं आहे. "ताई, तेच तर चाललंय."

चालणंही नव्याने शिकावं लागतं. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी. मागे यायचं तर मागचा. डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. पाय जवळ आणायचे नाहीत आणि एकमेकांवरून तर मुळीच टाकायचे नाहीत. रस्त्यावर चालायची जन्माची सवय इथे आड येते. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनी लहानपणी बॉक्सिंगमधून काढून काही वर्षं पारंपरिक नाच शिकायला पाठवलं होतं. पुढे त्याने २००८ आणि २०१२, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. या हॉलमध्ये जिची पावलं सगळ्यांत लवकर जमली, ती मुलगी शाळेच्या लेझीम पथकात होती.

(दृश्य: तीच मुलगी, पंचिंग बॅगसमोर. अतिमंद गती. कॅमेरा फरशीवर.)

आता तिचा उजव्या हाताचा स्ट्रेट, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, बघा. सगळ्यांत आधी काय हललं? मूठ नाही. मागच्या चवड्याने जमीन दाबली, टाच बाहेर वळली. मग गुडघा. मग कंबर. कंबर फिरली तसा खांदा पुढे आला, आणि मूठ निघाली ती या सगळ्यांच्या मागून. बॅगपर्यंत पोचता पोचता ती आडवी वळते. मनगट सरळ, आणि आधी टेकतात ती तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं. तोवर डावा हात गालावरून हललेला नाही.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात १२० मुष्टियोद्ध्यांचे ठोसे तपासले होते. अव्वल खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास निघाला, हाताचा २४. खालच्या श्रेणीतल्या खेळाडूंचं उलट: हाताचा ३८, पायांचा जेमतेम १६-१७. दंड सगळ्यांनाच असतात. फरक पडतो तो जमिनीकडून किती घेता येतं यात.

मूठ जाते त्याच वाटेने परत येते. ओला कपडा दोरीवर टाकण्याआधी झटकतात, तसा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. रेंगाळला की समोरच्याला तुमचा चेहरा मोकळा मिळतो.

रील्समध्ये पॅडवरचे फटाफट पंच तुम्ही पाहिले असतील. तिथे कॅमेरा बहुतेक वेळा कंबरेच्या वरच असतो. आम्ही तो खाली ठेवला.

(दृश्य: सर हातात पॅड घालून. समोर उंच मुलगा.)

वन म्हणजे जॅब, टू म्हणजे स्ट्रेट. वन. टू. वन-टू. पॅडचा आवाज छान येतोय, मुलगा खुशीत आहे. आता सरांच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवा. पुढच्या "टू"ला ते पॅड ऐन वेळी काढून घेणार आहेत.

(दृश्य: मूठ हवेत जाते. मुलगा दोन पावलं पुढे धडपडतो. सर पॅडने त्याच्या कानाला हलकेच स्पर्श करतात.)

पॅड, बॅग, समोरच्याचं अंग, हे सगळं बॉक्सरला नकळत टेकू देतं. टेकू असेपर्यंत प्रत्येक जण तोलात दिसतो. पण रिंगमध्ये कितीतरी पंच कुठेच लागत नाहीत, आणि लागला नाही त्या पंचानंतर तुम्ही कुठे उभे आहात, सरांना तेवढंच बघायचं असतं. डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे गेलं की पंच लांब पोचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आपणच समोरच्याच्या हुकपर्यंत, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशापर्यंत, चालत गेलेलो असतो.

भिंतीवर अलींचा फोटो आहे. हात खाली, मान मागे. प्रत्येक मुलाला तसंच खेळायचंय. महंमद अलींना ते चालायचं, कारण त्यांच्याइतकी वेगवान पावलं दुसऱ्या हेवीवेटकडे क्वचितच होती. तरी ८ मार्च १९७१ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पंधराव्या फेरीत जो फ्रेझरचा डावा हुक जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडले. पंधराव्या फेरीपर्यंत कुणाचे पाय तसेच राहतात?

(दृश्य: बँडेज गुंडाळणारे हात. अंगठ्यातून, मनगटावरून, बोटांमधून.)

वाकड्या मुठीने करंगळीखालचं हाड मोडतं, आणि डोक्यावरचे मार वर्षानुवर्षं साठत गेले की मेंदूला इजा होते. म्हणून नवख्यांचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, इथे हळू आणि सरांच्या नजरेसमोरच.

(दृश्य: जिल्हा स्पर्धा. लेझीमवाली मुलगी निळ्या कोपऱ्यात. घंटा. पूर्ण फेरीवर निवेदन नाही, फक्त प्रेक्षकांचा आवाज आणि सरांचं ओरडणं: "पाय! पाय!")

परीक्षकांचा कौल ३-२, तिच्या विरोधात. स्ट्रेट मारल्यावर तिचं वजन पुढच्या पायावर अडकून राहतं. तिसऱ्या फेरीत तिने खाल्लेले दोन्ही हुक त्याच क्षणी आले. आता शाळा सुटल्यावर अर्धा तास फक्त तेवढंच. स्ट्रेट, आणि मागे.