गावाकडचं घर स्वप्नात आलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

पिंपरी-चिंचवडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली माणसं भेटायची असतील, तर भोसरी, चिखली, आकुर्डी अशा जुन्या गावठाणांत जावं लागतं. बाकीचे आपण सगळे कुठून ना कुठून आलेले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, मग मोठमोठे वाहन कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत १० लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. लातूर, नांदेड, बीड, जळगाव, बुलढाणा, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहार. कामाच्या शोधात माणसं येत राहिली आणि आजही येताहेत.

नव्याने आलेल्यांच्या दिवसाबद्दल आपण खूप बोलतो. खोलीचं डिपॉझिट, गॅस, मुलांचं ॲडमिशन, पाण्याची वेळ. त्यांच्या रात्रीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. आज मला त्या रात्रीबद्दलच बोलायचं आहे.

'जागा बदलली की झोप लागत नाही' असं आपल्या घरात म्हणतातच. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं एक कारण दाखवून दिलं. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातला एक हिस्सा उजव्यापेक्षा हलका झोपतो आणि बारीकसा आवाजही टिपतो. म्हणजे पहिल्या रात्री तुम्ही दचकून जागे झालात, तर तो तुमचा भित्रेपणा नव्हता. मेंदू पहारा देत होता.

शरीर असं लगेच सावध होतं. स्वप्नं मात्र मागे रेंगाळतात. मिशेल जुव्हे हे झोपेचे फ्रेंच अभ्यासक. त्यांनी आपल्या अडीच हजार स्वप्नांची नोंद ठेवली होती. प्रवासाला गेल्यावर नवी जागा स्वप्नात उतरायला आठवडाभर लागतो, असं त्यांना त्या नोंदींत दिसलं. गाव सोडून आलेल्यांचा अनुभव तर याच्याही पुढचा असतो. वर्ष उलटतं, वाकडच्या सातव्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलेलं असतं, तरी स्वप्नात माळवदाचं घरच येतं. तीच ओसरी, तोच आड, आणि ओसरीवर कधीच गेलेली आजी. सकाळी पाणी सुटायच्या वेळी जाग येते आणि जीव कासावीस होतो.

माझं सांगणं एवढंच आहे, की हे स्वप्न नुसतं सोसू नका. त्याचा उपयोग करता येतो.

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. ही काही हवेतली गोष्ट नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ती प्रयोगशाळेत पकडली. स्वप्नं रंगतात त्या झोपेत हातपाय लुळे पडलेले असतात, पण डोळे हलतात. म्हणून ॲलन वर्स्ली या माणसाने स्वप्नातूनच, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली आणि ती डोळ्यांची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी असेच प्रयोग केले आणि हे शिकण्याची रीतही बसवली. २०२१ मध्ये तर झोपेतल्या काही जणांनी, आठातून सहा गेले किती, अशा सोप्या गणितांची उत्तरं डोळ्यांच्या खुणांनी दिली. आणि स्वप्नात जागं होण्याची कल्पना आपल्यालाही परकी नाही. नामदेवांनी आपल्याला स्वप्नात जागं केलं, असं इथून हाकेच्या अंतरावरच्या देहूत तुकोबांनी अभंगात सांगून ठेवलं आहे. तो अनुभव फार वरच्या पायरीचा. आपण साध्या शिक्षणाबद्दल बोलतो आहोत.

लाबर्ज यांच्या रीतीचा गाभा असा, की आपल्या स्वप्नांत वारंवार येणारी एखादी खूण हेरायची. इतरांना ती शोधावी लागते. स्थलांतर केलेल्या माणसाला ती आयती मिळालेली असते. गावाकडचं घर हीच ती खूण! राहतो चिंचवडला, मग उदगीरच्या अंगणात कसा उभा? हा प्रश्न स्वप्नात पडला, की काम झालं.

तो पडावा म्हणून उशाशी वही ठेवा आणि जाग येताच, अंथरूण न सोडता, आठवेल ते लिहा. लांबलचक स्वप्नं पहाटेच्या झोपेत जास्त पडतात. त्यामुळे सुट्टीच्या आदल्या रात्री, झोपून पाचेक तास झाल्यावर, गजर लावून उठा, थोडा वेळ जागे राहा आणि पुन्हा आडवे होताना मनाशी घोळवा: 'आता गावातलं घर दिसलं, की हे स्वप्न आहे हे मी ओळखेन.' नुसते शब्द पुटपुटू नका, ते अंगण डोळ्यांसमोर आणा. 'हे स्वप्न तर नाही ना?' असं दिवसाही तपासून बघायची सवय लावा. बसची पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं आणि आकडे सहसा बदलतात. नाहीतर नाक दाबून श्वास घेऊन बघा. स्वप्नात तो बहुधा चालूच राहतो.

सुट्टीची रात्र म्हटलं ते मुद्दाम. चाकणला रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी मोडकी झोप आणखी मोडू नये. त्यांनी नुसती वही लिहावी. ज्यांना भास होतात किंवा मानसिक आजारावर औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. खोलीत चारजण झोपत असाल तर गजराऐवजी मोबाइल थरथरण्यावर ठेवा. बाकीच्यांनाही पहाटेची शिफ्ट असते.

हे स्वप्न आहे असं कळलं, की पहिल्यांदा आनंदाच्या भरात बहुधा जाग येते. तसं होऊ लागलं तर स्वप्नातच तळहात एकमेकांवर घासा, स्वप्न बहुधा टिकतं. मग घाई करू नका. आजीजवळ बसा, राहिलेलं बोलून घ्या. ती खरी आलेली नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तरीही बोला. मला यात फसवणूक दिसत नाही. गाव सोडताना जे बोलायला वेळ मिळाला नाही, ते बोलायला ही जागा मिळते. पुढे एखाद्या रात्री वाकडचाच जिना स्वप्नात येऊ लागेल. तेव्हा वहीची मागची पानं चाळा आणि नवी खूण निवडा.

नमस्कार.