तळ्याची कड बांधू नका

मंडळी, बोर्डावर विषय लिहिलाय तळं आणि भूजल, तळाच्या मातीतून पाण्याची ये-जा कशी होते, आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी आमच्या वाडीतल्या तळ्याचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलवणार नाही.

देवळाच्या खालच्या अंगाला तळं. वरून सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उतरत येतो, खाली माड-पोफळीची बागायत, बागायतीत विहिरी. कडेला जांभ्याचे चिरे नुसते रचलेले, मधे चुना नाही की सिमेंट नाही, पावसाळ्यात फटीफटीतून झरे फुटायचे, लहानपणी आम्ही तिथे पाय लावून बसायचो. मग सुशोभीकरण मंजूर झालं. कोणी केलं ते सांगत बसत नाही, माणसं वाईट नव्हती. जेसीबी आला, गाळ काढला, तो काढायलाच हवा होता, त्याची तक्रार नाही. पण मग चिरे उखडून चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, पाया चांगला खोल, वर रेलिंग, बाकडी, रंगीत दिवे. नारळ फुटला, फोटो झाले, खरं सांगायचं तर सगळ्यांना आवडलंही.

पहिल्याच पावसात सड्याकडची भिंत फुगली. मागे पाणी साठून रेटत होतं आणि ते सुटायला भिंतीत पाइपच ठेवले नव्हते. दुरुस्ती म्हणून काय केलं, तर भिंत अजून जाड केली! आणि उन्हाळ्यात खालच्या विहिरी, ज्या मे महिना काढायच्या, त्या एप्रिल लागतो न लागतो तोच आटल्या. तळ्यात तेव्हा पुरुषभर पाणी. शेजारची काकी कळशी घेऊन उभी, म्हणते, "तळा भरलेला आसा आणि माझी बाव सुकली, ह्या कसला काम?" मी तिचा प्रश्न जसाच्या तसा साइटवरच्या इंजिनीअरला विचारला, तर उत्तर मिळालं पाऊस कमी झाला. अहो, मग तळं भरलं कशानं? मला अजून राग येतो त्याचा, कारण काकीने दोन पातळ्या बघून बरोबर प्रश्न विचारला होता आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याने विहिरीत डोकावूनही बघितलं नाही.

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव तुम्हाला मी काय सांगणार, १५३० सालचा, २०२० मध्ये सिंचनाच्या जागतिक वारशात गेला, पण आपण तिथेही कौतुक करतो ते बांधाचं. तळाबद्दल कोणी बोलत नाही. बरं, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आता विषय.

पाणी कुठे जाणार हे ठरतं पातळीवर. तळ्याची पातळी वर की बाजूच्या जमिनीतल्या पाण्याची वर, एवढंच. पावसाळ्यात जांभ्याच्या पोकळ्या भरतात, खालची शेडी, म्हणजे जांभ्याखालची चिकणमाती, पाणी सहज उतरू देत नाही, मग जमिनीतली पातळी तळ्याच्या वर चढते आणि पाणी तळ्यात येतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की उलटं. आणि उतारावरच्या तळ्यात दोन्ही एकदम चालू असू शकतं, वरच्या कडेने आत, खालच्या कडेने बाहेर, आमचं तसंच होतं. म्हणून एकाच भिंतीने वर पाणी तुंबलं आणि खाली विहिरी आटल्या.

किती पाणी जाणार, तर १८५६ मध्ये दार्सीने फ्रान्समध्ये वाळूतून पाणी सोडून नियम काढला: पातळीतला फरक जास्त, वाट आखूड, माती मोकळी, तर पाणी जास्त. तळ्याला सगळ्यात आखूड वाट कडेची. १९७५ मध्ये मॅकब्राइड आणि फानकुख यांनी दाखवलं की साधारण एकसारख्या जमिनीत काठाकडून आत जावं तसा पाझर झपाट्याने कमी होतो. त्यात मधे बारीक गाळ बसतो आणि काठाची वाळू लाटा धूत राहतात. म्हणजे तळ्याचं खरं दार कडेला, आणि आपण नेमकं तेच काँक्रीटने बुजवतो. उलट जेसीबीवाला गाळाखालची शेडी फोडून गेला तर तळं मधूनच गळायला लागेल, तेही बघायला हवं.

मोजायचं कसं? १९७७ मध्ये डेव्हिड ली यांनी सोपी युक्ती लिहून ठेवली. दोनशे लिटरचं पिंप टोकाजवळ कापायचं, तो उथळ डबा उपडा करून तळाच्या मातीत दाबायचा, भोकाला नळी, नळीला प्लॅस्टिकची पिशवी. डबा बसला की पिशवीत मोजून थोडं पाणी घालून लावायची, उद्या परत मोजायची. वाढलं तर जमीन देतेय, घटलं तर तळं देतंय. डब्याखाली पाव चौरस मीटर जागा येते, तेव्हा दिवसाला अडीच लिटर म्हणजे पाण्याचा १० मिलिमीटरचा थर, आणि तेवढा पाझर एक हेक्टरभर असेल तर रोजचे एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर!

पाण्यातल्या रेडॉन वायूने मोजतात, तळाच्या तापमानानेही मोजतात, ते राहिलं, वेळ नाही. पण एवढं करा. १ मेच्या ग्रामसभेत तळ्याचं काम आलं तर विचारा की वरच्या आणि खालच्या विहिरीची पातळी वर्षभर घेतली का, कडेला पिंप लावून बघितलं का, आणि भिंत करणारच असाल तर चिरे कोरडे का रचत नाही. ठरावात लिहून घ्या, तोंडी नको.